संच पूर्ण करण्याचा ध्यास



उतारवयात एखादा छंद हाताशी असावा, असे आम्ही डॉक्टर मंडळी प्रत्येकाला सांगत असतो. बागकाम, वाचन, भजन, शब्दकोडी ही नावे आमच्या तोंडी बसलेली. अलीकडे मात्र या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांत एका निराळ्याच छंदाचा उल्लेख आढळू लागला आहे. ही पत्रे बहुतेक अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडून येतात. १९६५ साली तेथील स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर जे तरुण अभियंते आणि डॉक्टर तिकडे गेले, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. मुलांना आणि मग नातवंडांना बेसबॉलच्या सामन्यांना नेता नेता खेळाडूंची कार्डे जमवण्याचा नाद त्यांच्यापैकी काहींना लागला. नातू शिकायला दूर गेला, कार्डे आजोबांच्या टेबलावर राहिली. आता घरची मंडळी विचारतात, हा छंद चांगला की वाईट? त्यांना करू द्यावा की थांबवावा?

उत्तर देण्याआधी हा छंद नीट समजून घ्यावा लागेल, कारण त्याचे गुण आणि त्याचे धोके दोन्ही त्याच्या रचनेतच दडलेले आहेत. ज्यांचा अमेरिकेशी काडीचाही संबंध नाही, पण जे तिकिटे, नाणी, आगपेट्यांची लेबले किंवा जुने दिवाळी अंक जमवतात, त्यांनीही पुढे वाचावे. वस्तू बदलते, मन तेच असते.

हा छंद आहे तरी काय?

खेळाडूंची कार्डे अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे जुनी आहेत, आणि त्यांचा उगम कोणाही डॉक्टरला खटकावा असा आहे. सिगारेटचे नाजूक पाकीट चेपू नये म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालत. त्या तुकड्यावर पुढे खेळाडूंची चित्रे छापली जाऊ लागली. १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून आलेली 'टी-२०६' ही मालिका त्यांत सर्वांत नामांकित. नंतर तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीने १९५२ साली ४०७ कार्डांचा बेसबॉलचा संच काढला. त्यातील ३११ क्रमांकाचे, मिकी मँटल या खेळाडूचे, अत्यंत सुस्थितीतील एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. गंमत अशी की, त्या संचाची अखेरची मालिका हंगाम सरता सरता बाजारात आल्यामुळे पडून राहिली होती, आणि शिल्लक खोकी पुढे समुद्रात बुडवली गेली, असे त्या संचाचे कर्ते साय बर्गर सांगत असत.

त्या काळी संच म्हणजे सरळ हिशेब होता. पहिल्या क्रमांकापासून शेवटच्या क्रमांकापर्यंत एकेक कार्ड मिळाले की संच पुरा. १९८० च्या दशकात कंपन्या वाढल्या, छपाई बेसुमार झाली आणि कार्डे कवडीमोल होऊ लागली. तेव्हा दुर्मीळपणा मुद्दाम निर्माण करण्याची कला जन्माला आली. तिचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार 'इन्सर्ट'. मुख्य संचाबाहेरची, वेगळ्या नावाची आणि वेगळ्या क्रमांकांची ही छोटी मालिका असते. तिची कार्डे काही मोजक्याच पाकिटांत निघतात, आणि पाकिटावर '१:२४' असे प्रमाण छापलेले असते. याचा अर्थ सरासरी चोवीस पाकिटांमागे एक. दुसरा प्रकार 'पॅरलल'. त्यात छायाचित्र तेच, क्रमांकही तोच, परंतु रंग, चकाकी किंवा किनार निराळी असते. टॉप्सने १९९२ साली सोनेरी अक्षरांची कार्डे काढली. १९९३ साली 'फाइनेस्ट' या १९९ कार्डांच्या संचातील प्रत्येक कार्डाची 'रिफ्रॅक्टर' ही इंद्रधनुषी झळाळीची आवृत्ती आणली. २००१ साली सोनेरी कार्डांवर अनुक्रमांक छापले गेले, प्रत्येकाच्या फक्त २००१ प्रती. आज एकाच खेळाडूच्या एकाच कार्डाच्या वीसहून अधिक रंगीत आवृत्त्या निघू शकतात. एखाद्या रंगाच्या ५० प्रती, एखाद्याच्या २५, लाल रंगाच्या ५, आणि सर्वांत वरच्या 'सुपरफ्रॅक्टर'ची जगात एकच प्रत. एका कार्डाचे सगळे रंग जमवणे याला संग्राहकांच्या भाषेत 'रेनबो', म्हणजे इंद्रधनुष्य पुरे करणे असे म्हणतात.

येथे जरा थांबून विचार करावा. १९५२ चा संच पैसे आणि चिकाटी असणारा कोणीही पुरा करू शकत होता. ज्या इंद्रधनुष्याच्या टोकाला जगातील एकुलते एक कार्ड आहे, ते मात्र साऱ्या पृथ्वीवर फार तर एकाच माणसाला पुरे करता येते. बाकी सर्वांचे ते अपुरेच राहायचे, अशी त्याची मांडणीच आहे. आरोग्याच्या दृष्टीने या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मनाला काय मिळते?

प्रथम चांगली बाजू. निवृत्तीनंतर दिवसाला आकार देणारे काही उरत नाही, ही आमच्या दवाखान्यात रोज ऐकू येणारी तक्रार आहे. संच जमवणाऱ्या माणसाला उद्याचे काम ठाऊक असते. त्याच्याकडे एक यादी असते, तीत रिकामे चौकोन असतात, आणि एकेक चौकोन भरण्याचा आनंद असतो. यादी वाचणे, क्रमांक लक्षात ठेवणे, दोन रंगच्छटांतील फरक ओळखणे, किंमत ताडून पाहणे, अदलाबदलीसाठी दुसऱ्या संग्राहकाला पत्र लिहिणे या साऱ्यांत लक्ष, स्मरण, निर्णय आणि संवाद या चारही शक्तींना काम मिळते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १६ देशांतील, पासष्ट वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा अभ्यास केला गेला. छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि जीवनाविषयीचे समाधान अधिक आढळले. म्हणून छंदामुळे स्मृतिभ्रंश टळतो असे कोणी सांगितले, तर त्यावर मात्र विश्वास ठेवू नये. ज्याचे मन मुळात ताजेतवाने असते तोच छंदात रमतो, हेही अंशतः खरे असते. मला एवढेच म्हणावेसे वाटते की, छंद हे औषध नसले तरी पथ्य निश्चित आहे, आणि पथ्य माणसांच्या सोबतीत पाळले तर अधिक लागू पडते. दर महिन्याला कार्डांच्या बाजारात जाऊन चार समवयस्कांशी गप्पा मारणारे आजोबा आणि रात्री एकटेच पडद्यासमोर बसून लिलावात बोली लावणारे आजोबा एकच वस्तू जमवत असतात, पण दोघांना मिळणारा लाभ सारखा नसतो.

शेवटच्या कार्डाचे गणित

आता थोडे गणित मांडतो, कारण या छंदात मनस्ताप आणि खर्च दोन्ही कोठे वाढतात हे त्यातून स्पष्ट होते. समजा, संच १०० कार्डांचा आहे, आपण एकेक कार्ड न बघता विकत घेतो, आणि प्रत्येक कार्ड मिळण्याची शक्यता सारखीच आहे. अर्धा संच, म्हणजे वेगवेगळी ५० कार्डे, सरासरी ६९ कार्डे घेतली की जमतो. पूर्ण संचासाठी मात्र सरासरी ५१९ कार्डे घ्यावी लागतात. म्हणजे दुसऱ्या अर्ध्यासाठी साडेचारशे! ९९ कार्डे हाती आल्यावर उरलेल्या एकट्या कार्डासाठीच सरासरी आणखी १०० घ्यावी लागतात. ती येईपर्यंत घरात दुबार कार्डांचा ढीग साचलेला असतो.

आता '१:२४' प्रमाणाची १५ कार्डांची एक छोटी इन्सर्ट मालिका घ्या. ती केवळ पाकिटे फोडून पुरी करायची म्हटली तर सरासरी ५० इन्सर्ट कार्डे मिळावी लागतात, आणि त्यासाठी सुमारे १२०० पाकिटे फोडावी लागतात. पंधरा कार्डांसाठी बाराशे पाकिटे! हा हिशेब कागदावर मांडला की शहाणपण आपोआप सुचते. पाकिटे मौजेपुरती घ्यावीत, आणि हवे असलेले कार्ड सुटे, ठरलेल्या किमतीला विकत घ्यावे किंवा अदलाबदलीने मिळवावे. अनुभवी संग्राहक नेमके हेच करतात.

असे असूनही माणूस पाकिटे का फोडत राहतो? बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसते, पण मिळणार हे ठाऊक असते, तेव्हा मेंदूतील उत्सुकतेची यंत्रणा सर्वाधिक जागी राहते. सोडत आणि जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. संच जितका पूर्णत्वाकडे जातो, तितकी उरलेली जागा अधिक बोचू लागते. नव्वद भरलेले चौकोन दिसेनासे होतात आणि दहा रिकामे डोळ्यांपुढे नाचतात. हा मनुष्यस्वभाव आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याची जाणीव असली म्हणजे पुरे.

छंद केव्हा लक्षण ठरतो?

काही महिन्यांपूर्वी न्यू जर्सीहून एका सूनबाईंचे पत्र आले. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते येथे सांगतो. सासरे शहात्तर वर्षांचे, निवृत्त अभियंता. अनेक वर्षे नेमस्तपणे कार्डे जमवणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे निदान झाले. अलीकडे ते रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टेबलाशी बसू लागले. तीच शंभरेक कार्डे रंगांनुसार लावायची, मग क्रमांकांनुसार, मग पुन्हा रंगांनुसार. पाकिटांची खोकीच्या खोकी घरी येऊ लागली. क्रेडिट कार्डाचे बिल लपवलेले सापडले. कोणी काही बोलले की चिडचिड. घरच्यांनी त्यांना हट्टी ठरवले, हावरट ठरवले, आणि मुलाने सगळी कार्डे देऊन टाकायचे ठरवले.

मी उत्तरात लिहिले की, कार्डांना हात लावू नका, आधी औषधांची यादी आणि डोस बदलल्याच्या तारखा घेऊन त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. रात्रीची जागरणे सुरू होण्याच्या थोडेच आधी रोपिनिरोल या औषधाचा डोस वाढवलेला होता. तज्ज्ञांनी तो टप्प्याटप्प्याने कमी केला आणि उपचारांची फेरमांडणी केली. काही आठवड्यांत रात्री शांत झाल्या. कार्डे घरात राहिली, छंदही राहिला. नंतर स्वतः त्या गृहस्थांनी मला फोन केला. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला वाटत होते की म्हातारपणी माझी नियतच फिरली."

हे वाक्य प्रत्येक काळजीवाहकाने लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. पार्किन्सन्ससाठी, आणि काही वेळा पायांच्या अस्वस्थतेच्या विकारासाठी, दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल व रोपिनिरोल ही औषधे काही रुग्णांत अनावर खरेदी, जुगार किंवा अतिखाणे अशा वृत्ती जाग्या करतात. मनोविकारांत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅरिपिप्राझोलविषयीही असा इशारा दिलेला आहे. अमेरिका आणि कॅनडा येथील पार्किन्सन्सच्या तीन हजारांवर रुग्णांच्या एका पाहणीत सुमारे १३.६ टक्के जणांत अशी एखादी अनावर वृत्ती आढळली होती. वस्तू निरर्थकपणे पुन्हा पुन्हा लावत बसणे हेही या आजाराच्या औषधोपचारात दिसणारे एक ओळखीचे लक्षण आहे. अशा वेळी माणूस वाईट झालेला नसतो, औषधाचा परिणाम झालेला असतो. मात्र ही औषधे घरच्या घरी एकाएकी बंद करू नयेत. त्याने भलताच त्रास उद्भवू शकतो. बदल तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली व्हावा.

औषधांखेरीज इतर कारणेही असतात. पुढील गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पूर्वी काटेकोर असणारी व्यक्ती एकच कार्ड पुन्हा पुन्हा विकत घेऊ लागली, यादीत खुणा करणे जमेनासे झाले, किंवा क्रमवारी लावताना गोंधळ होऊ लागला, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. एखादे दुबार कार्ड म्हणजे आजार नव्हे. ते या छंदाचाच भाग आहे. पाहायचा तो बदल.

स्वभावच पालटला, संकोच गेला, सहानुभूती आटली आणि त्याच वेळी काहीही गोळा करण्याचे वेड लागले, तर मेंदूच्या पुढील भागाला ग्रासणाऱ्या स्मृतिभ्रंशाची शक्यता तपासावी लागते.

वस्तूंमुळे पलंग, स्वयंपाकघराचा ओटा किंवा जाण्यायेण्याची वाट वापरता येईनाशी झाली, आणि एकही वस्तू टाकायची म्हटले की तीव्र यातना होऊ लागल्या, तर तो साठवणुकीचा विकार असू शकतो. संग्राहकाच्या वस्तूंना क्रम असतो, जागा असते, आणि त्या दुसऱ्याला दाखवण्याची हौस असते. साठवणुकीच्या विकारात क्रम हरवतो आणि माणूस घरी कोणाला येऊ देत नाही.

आणि उलट बाजूही ध्यानात घ्यावी. वर्षानुवर्षे जपलेली कार्डे एखाद्याने महिनोन्महिने उघडूनही पाहिली नाहीत, तर "बरे झाले, नाद सुटला" असे म्हणण्याची घाई करू नये. आवडत्या गोष्टीतील रस अचानक जाणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते.

डोळे, हात, पाठ आणि पाय

चकचकीत कार्डांवर दिव्याचा उजेड परावर्तित होतो. मोतीबिंदू असणाऱ्यांना त्याचा विशेष त्रास होतो. दिवा समोर न ठेवता बाजूला ठेवावा, टेबलावर गडद, चकाकी नसलेले कापड अंथरावे, आणि बारीक अनुक्रमांक वाचण्यासाठी दिवा असलेले भिंग वापरावे. कार्डाची सरळ किनार एका डोळ्याने पाहताना वाकडी किंवा लहरींसारखी दिसू लागली, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. दृष्टिपटलाच्या मध्यभागाच्या विकाराची ती खूण असू शकते.

कार्ड प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत सरकवताना अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो, आणि तेथील सांधा उतारवयात बहुधा झिजलेलाच असतो. किंचित सैल पिशव्या घ्याव्यात, आणि नऊ कप्प्यांची पाने भरताना वही मांडीवर न घेता टेबलावर ठेवावी. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. उठताना आधी क्षणभर खुर्चीच्या कडेला बसावे, म्हणजे चक्कर येणार नाही.

पाच हजार कार्डांचे खोके साधारण नऊ किलो भरते. ते उचलण्यासाठी वाकणे हे ठिसूळ हाडांच्या मणक्याला परवडणारे नाही. लहान खोकी वापरावीत आणि ती कमरेच्या उंचीवर ठेवावीत. जमिनीवर ठेवलेले खोके रात्री बाथरूमला जाणाऱ्याच्या पायात येते आणि खुब्याचे हाड मोडण्याचे निमित्त होते. कोणतेही कार्ड त्या हाडापेक्षा मौल्यवान नाही.

आठवणी धूसर होतात तेव्हा

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला काल काय जेवलो हे आठवत नाही, पण तरुणपणीच्या गोष्टी पुष्कळदा आठवतात. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी मनात खोल रुजलेल्या असतात. याच आधारावर स्कॉटलंडमध्ये जुन्या फुटबॉलपटूंची छायाचित्रे दाखवून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना बोलते करण्याचा उपक्रम अल्झायमर स्कॉटलंड आणि स्कॉटिश फुटबॉल म्युझियम यांनी चालवला. अमेरिकेत सेंट लुईस येथे कार्डिनल्स या बेसबॉल संघाच्या आठवणींभोवती असे गट जमतात. एरवी गप्प बसणारा माणूस एखादे जुने चित्र हातात येताच त्या दिवसाचा सामना सांगू लागतो.

आपल्या घरी हे करताना एक विवेक ठेवावा. जे गृहस्थ तिशीत अमेरिकेला गेले, त्यांच्या खोल आठवणींत मिकी मँटल असण्याचा संभव कमी. तेथे १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा करणारा सुनील गावसकर असेल, त्या संघाचा कर्णधार अजित वाडेकर असेल, आणि कानाला लावलेला रेडिओ असेल. त्यांच्यासाठी त्या काळातील खेळाडूंची छायाचित्रे कार्डाच्या आकारात, म्हणजे अडीच इंच बाय साडेतीन इंच, जाड कागदावर छापून घ्यावीत. "हे कोण, ओळखा पाहू?" असा परीक्षेसारखा प्रश्न विचारू नये. "अण्णा, हे गावसकर. तुम्ही तेव्हा कुठे होता?" असे विचारावे. उत्तर चुकले तरी दुरुस्त करू नये. कार्डे रंगांनुसार वेगळी करणे, जोड्या लावणे हे साधे कामही अशा व्यक्तीला मनःपूर्वक समाधान देते. मौल्यवान मूळ कार्डे मात्र बाजूला ठेवून त्यांच्या प्रती हाती द्याव्यात.

घरच्यांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, न विचारता काहीही टाकू नये. मुले घराबाहेर पडल्यावर आयांनी कार्डांची खोकी फेकून दिली, ही तर अमेरिकेतील संग्राहकांची पिढीजात हळहळ आहे. किमतीचा प्रश्न नंतरचा. आपली वस्तू आपल्या नकळत घराबाहेर गेली, हा धक्का वृद्ध माणसाचा घरच्यांवरील विश्वास मोडतो, आणि तो पुन्हा सहजासहजी जुळत नाही.

दुसरी, महिन्याची रक्कम दोघांनी मिळून ठरवावी. ती औषधे, विमा आणि घरखर्च बाजूला काढल्यानंतरच्या पैशांतून असावी. लिलावाच्या संकेतस्थळांवर क्रेडिट कार्डाचे तपशील साठवून ठेवू नयेत, आणि रात्री नऊनंतर बोली लावू नये. दमलेले मन सौदे नीट करत नाही. अनोळखी विक्रेत्याने गिफ्ट कार्डाने पैसे मागितले, तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा.

तिसरी, संग्रहाची यादी करावी. कोणते कार्ड कोणत्या खोक्यात, साधारण कितीला घेतले, आणि पुढे कोणाला द्यायचे. ही यादी मृत्युपत्रासोबत ठेवावी. वडिलांच्या पश्चात दारात येऊन घाऊक भावाने सगळे उचलून नेणारा माणूस मुलांच्या अज्ञानावरच व्यापार करत असतो. यादी करण्याच्या निमित्ताने नातवाला शेजारी बसवावे. कार्डामागची गोष्ट सांगितली जाते, आणि ती गोष्ट हाच खरा वारसा असतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, संच कोठे पुरा होतो हे आपण स्वतः ठरवावे. कंपनीने वीस रंग काढले म्हणून आपल्याला वीस हवेत, असा नियम नाही. ज्या वर्षी नात जन्मली त्या वर्षाचा मूळ संच, किंवा एका आवडत्या खेळाडूची दर वर्षीची एकेक साधी प्रत, किंवा ज्या सामन्यांना आपण स्वतः हजर होतो त्यांतील खेळाडू, अशी सीमा आखावी. ती कागदावर लिहून वहीच्या पहिल्या पानावर लावावी. जगात एकच प्रत असलेल्या कार्डाचा चौकोन आपल्या यादीतून आपणच काढून टाकावा. जे आपल्या हाती नाही, त्यावर आपली झोप अवलंबून ठेवू नये. रक्तदाब असो की संग्रह, वयाच्या या टप्प्यावर आम्ही डॉक्टर गाठता येईल असेच उद्दिष्ट ठरवून देतो, आणि ते गाठल्यावर समाधान मानायला सांगतो.

घरात असा संग्राहक असेल, तर या आठवड्यात दोन कामे करावीत. त्यांच्या सर्व औषधांची नावे आणि डोस बदलल्याच्या तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात. आणि एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून, त्यांना सर्वांत प्रिय असलेले कार्ड कोणते, हे विचारावे. पहिला कागद डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ राहील.